वणवा पळतो कसा? धग आणि ज्वाळेचा स्पर्श

दूरच्या एखाद्या निर्जन जंगलात वणवा लागला आणि बघता बघता हजारो हेक्टर खाक झालं अशी बातमी आली की बोलण्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक, झाडांच्या फांद्या एकमेकींवर घासून आग लागली असणार, आणि दोन, आगीची धगच एवढी असते की पुढचं गवत लांबूनच पेटत जातं. दुसरी गोष्ट इतकी पटणारी आहे की आगीचा अभ्यास करणारेसुद्धा बरीच वर्षं तीच धरून चालले होते, आणि मला लिहायचंय ते तिच्याबद्दलच.

पहिलीचं आधी उरकतो. लाकडावर लाकूड घासून आग पाडायची तर लाकूड ठणठणीत कोरडं हवं, दाब सतत हवा आणि एकाच जागी न थांबता घासत राहायला हवं, वाऱ्यानं हलणाऱ्या ओल्या जिवंत फांद्यांना ते जमत नाही. जिथं माणूस फिरकतच नाही तिथं आग लावते ती बहुतेक वेळा वीज, त्यातही कोरडी वीज, म्हणजे ढगातला पाऊस खाली येता येता हवेतच वाफ होऊन जातो पण वीज मात्र जमिनीपर्यंत पोचते.

आता धग. मेणबत्ती लावा आणि ज्वाळेच्या बाजूला दोन-तीन इंचांवर हात धरा, आरामात धरता येतो. तेवढ्याच अंतरावर ज्वाळेच्या वर धरून बघा, झटकन मागे घ्याल. बाजूला येते ती फक्त किरणांनी आलेली उष्णता, वर मात्र तापलेला वायू थेट हाताला भिडतो. वणव्याचं अख्खं कोडं या फरकात आहे.

लाकूड किंवा गवत म्हणजे घन पदार्थ पेटतो असं आपल्याला वाटतं, पण ज्वाळा असते वायूची. पातं तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं, मग साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातून ज्वालाग्राही वायू भराभर सुटायला लागतात आणि ते पेटतात. म्हणजे वणवा पुढे सरकायचा तर कुणीतरी पुढचं पातं तिथपर्यंत तापवायला हवं. कोण तापवतं? वाटतं की समोरची ज्वाळांची भिंत, तिची किरणं.

पण पातं असतं जेमतेम मिलिमीटरभर जाड. वजनाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग प्रचंड, म्हणून ते पटकन तापतं हे खरं, पण तितक्याच पटकन निवतंही, आणि इथं खरी मजा आहे. कुठल्याही वस्तूला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो आणि तो पांघरुणासारखं काम करतो. वस्तू जितकी बारीक तितकं हे पांघरूण पातळ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किरणांतून मिळणारी उष्णता ओंडक्याला आणि पात्याला सारखीच, पण हवेला द्यावी लागणारी उष्णता पात्याची कितीतरी जास्त. त्यात आग वर चढताना आजूबाजूची थंड हवा स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे ज्वाळांसमोर उभं असलेलं पातं एकीकडून भाजलं जातं आणि चहूबाजूंनी वाऱ्यात निवत असतं, आणि बऱ्याचदा नुसत्या किरणांनी पेटण्याइतकं तापतच नाही.

मग पेटतं कसं? अमेरिकेच्या वन खात्याची मोंटानातल्या मिझूला इथं आगीची प्रयोगशाळा आहे. तिथल्या मार्क फिनी आणि सहकाऱ्यांनी लेझरनं कापलेले पुठ्ठ्याचे कंगव्यासारखे तुकडे ओळीनं लावून वाऱ्याच्या बोगद्यात पेटवले आणि जवळून चित्रीकरण केलं, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की ज्वाळांची भिंत सपाट नसतेच, ती करवतीसारखी दातेरी असते. तापलेल्या वायूला वर जायचंय, वरच्या थंड हवेला खाली यायचंय, दोघांना एकाच जागेतून जाता येत नाही, म्हणून शेजारी शेजारी वाटण्या होतात, इथं वर जाणारा मनोरा, त्याच्या बाजूला खाली येणारा खळगा, आणि दोघांच्या मध्ये उलटसुलट फिरणारे भोवरे. खळग्यात ज्वाळा खाली दाबली जाते आणि जिभेसारखी पुढे लपकते, पात्याला चाटते, मागे जाते, परत चाटते. असे काही स्पर्श झाले की पातं पेटतं. या लपकण्याची लय ज्वाळेची लांबी आणि वाऱ्याचा वेग यांवर ठरते, स्ट्राउहाल अंक आणि फ्राउड अंक (लय, वेग आणि आकार यांची गुणोत्तरं, आग लहान असो वा मोठी, सारखीच लागू पडणारी) यांच्यात ते गणित बसतं, म्हणून पुठ्ठ्याच्या आगीत जे दिसतं तेच मोठ्या आगीतही शोधता येतं.

2018 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातलं पॅराडाईज गाव जळालं तेव्हा घरांची राख झालेली आणि शेजारची झाडं हिरवी उभी असे फोटो फिरले, आणि लोकांनी आकाशातून लेझर मारल्याच्या गोष्टी पसरवल्या. 85 माणसं गेली होती त्या आगीत, त्यांच्या घरच्यांना असलं काही वाचायला लागावं याचा मला खरोखर राग येतो. लेझरची गरजच नाही. जिवंत पानात पाणी भरलेलं असतं, उडत आलेल्या निखाऱ्यानं ते सहसा पेटत नाही, तोच निखारा छपराच्या फटीत किंवा पन्हाळीतल्या सुक्या पानांवर पडला की घर आतून जळतं.

चढावरही खेळ ज्वाळेच्या स्पर्शाचाच. जळती काडी गूल खाली करून धरली की ज्वाळा सरसर वर येते, गूल वर ठेवली की रेंगाळते. डोंगर चढताना ज्वाळा उताराला टेकून पडते आणि पुढच्या गवताला सारखी लागत राहते. ढोबळ नियम असा की दर 10 अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि माणसाचा मात्र चढावर कमी होतो.

5 ऑगस्ट 1949, मोंटानातल्या मिसुरी नदीकाठची मॅन गल्च नावाची घळ, रस्ता नाही. आदल्या दिवशीच्या विजेनं लागलेली आग विझवायला 15 जवान पॅराशूटनं उतरले, एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग समोरच्या उतारावर होती, हे नदीकडे खाली चालले होते, आणि निखारे घळ ओलांडून यांच्याच बाजूला, यांच्या खाली, सुक्या गवतात पडले. सगळे वळले आणि चढावर पळत सुटले. आग जवळ यायला लागली तेव्हा त्यांचा प्रमुख वॅग्नर डॉज थांबला, काडी ओढून त्यानं पुढचंच गवत पेटवलं, ते जळून गेल्यावर त्या गरम राखेत पालथा पडला आणि बाकीच्यांना हाका मारल्या. कुणी थांबलं नाही. दोघं माथ्यावरच्या खडकांच्या फटीतून पलीकडे निसटले, 13 जण गेले. डॉजच्या दोन्ही अंगांनी वणवा वर निघून गेला. तो पडला होता त्या तुकड्यात ज्वाळेला चाटायला गवत उरलेलं नव्हतं.