आयबीआर गोठ्यात किती मुरलाय? रक्त काढण्याआधी वाचा

गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली की पशुपालक तिचे एकटीचे रक्त घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येतात. तेवढ्यावरून गोठ्याचा अंदाज लागत नाही. आयबीआर हा गाई-म्हशींना नाका-घशाचा त्रास देणारा आणि गाभडवणारा विषाणूजन्य आजार. त्याचा विषाणू एकदा शिरला की जनावराच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दडून बसतो. वेत, लांबचा प्रवास किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन झाले की पुन्हा जागा होतो आणि नाकातल्या स्रावातून बाहेर पडतो. धडधाकट दिसणारी गायही वाहक असू शकते.

नमुने किती? १०० जनावरांत १० बाधित असतील, तर त्यातले निदान एक हाती लागण्याची ९५ टक्के खात्री २५ नमुन्यांत मिळते. २० जनावरांत २ बाधित असतील, तर मात्र १६ नमुने लागतात. म्हणजे लहान गोठ्यात सगळ्यांचेच रक्त काढलेले बरे. मोठ्या गोठ्यात चिठ्ठ्या टाकून निवडा. नुसत्या उलटणाऱ्या (गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या) गाई आणल्या तर आकडा फुगतो.

घरच्या ९ ते २४ महिन्यांच्या कालवडींची यादी वेगळी करा. खरी बातमी त्याच देतात. लस न दिलेल्या कालवडी पॉझिटिव्ह आल्या, तर विषाणू अलीकडेच गोठ्यात फिरला आहे. फक्त जुन्या किंवा बाजारातून आणलेल्या गाई पॉझिटिव्ह असतील, तर लागण बहुधा जुनी. सहा महिन्यांखालची वासरे नकोत, चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडे निकाल बिघडवतात. साधी लस दिली असेल तर तेही कळवा. नेहमीची एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी, लस आणि लागण यांत फरक करत नाही. मार्कर लस (विषाणूतले ‘जीई’ प्रथिन काढून बनवलेली) असेल तर त्याच प्रथिनाची प्रतिपिंडे शोधणारी ‘जीई’ एलायझा करू.

डॉक्टरांकडून मानेच्या शिरेतून ५ मिली रक्त घ्या, दर जनावराला नवी सुई. नळी लाल बुचाची, साधी. ती तिरपी ठेवून सावलीत तास-दोन तास रक्त गोठू द्या. वर सुटलेले पिवळसर सिरम दुसऱ्या नळीत काढून बर्फाच्या पेटीत पाठवा. गोठलेले रक्त फ्रीझरमध्ये ठेवू नका. पेशी फुटून सिरम लाल होते आणि नमुना वाया जातो. बिल्ल्याचा नंबर नळीवर लिहा, बुचावर नको. बुचे अदलाबदल होतात.

गाभडलेल्या गाईचा निकाल पॉझिटिव्ह आला, तरी कारण आयबीआरच असे ठरत नाही. वार आणि गर्भही पाठवा, ब्रुसेलाची (गाभडवणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची) तपासणी सोबतच करू. ब्रुसेला माणसालाही होतो, म्हणून वार उचलताना हातमोजे घाला.