एका काडतुसाची रायफल: मोठ्या बोअरमागचा इतिहास

मोठ्या बोअरची (म्हणजे रुंद नळीची) सिंगल-शॉट, एका वेळी एकच काडतूस भरायची, रायफल रेंजवर चालवणाऱ्याला काही सवयी अंगी बाणवाव्याच लागतात. दोन गोळ्यांमध्ये थांबायचे, पुढचे लाकूड वाळूच्या पिशवीवर दर वेळी त्याच जागी टेकवायचे, जुनी काडतुसे वापरली असतील तर घरी पोचताच नळीत गरम पाणी ओतायचे. यातली एकही सवय उगाच लागलेली नाही. बंदुकीची दारू, हवामान आणि कायदा या तिघांनी मिळून ही रायफल घडवली, आणि तिन्ही बाबतीत हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे.

गोव्याचा संबंध तर रायफलच्याही आधीचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा इथे तोड्याच्या बंदुका बनवणारे कुशल कारागीर आधीपासूनच होते. आल्फोन्सो द अल्बुकर्कने १५१३ मध्ये राजाला लिहिले की हे लोक बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात आणि नळीचा मागचा बुचा आटे पाडून बसवतात. बुचा नुसता ठोकून बसवला तर दारूच्या दाबाने तो मागे, थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर उडू शकतो. नळीचे मागचे टोक घट्ट बंद कसे ठेवायचे, हाच तो प्रश्न. पुढे साडेतीनशे वर्षांनी मागून भरायची रायफल आली तेव्हा तोच प्रश्न अधिक अवघड होऊन समोर उभा राहिला, कारण आता ते टोक प्रत्येक गोळीला उघडायचे आणि पुन्हा तितकेच घट्ट बंद करायचे होते.

हेन्री पीबडीने १८६२ मध्ये अमेरिकेत नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या, मागे बिजागरी असलेल्या ठोकळ्याचे पेटंट घेतले. लिव्हर खाली ओढली की ठोकळ्याचे पुढचे टोक खाली झुकते आणि काडतुसाची जागा उघडी पडते. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीने बाहेरचा घोडा काढून टाकला आणि ठोकर मारणारी सुई ठोकळ्याच्या पोटात घातली. त्याला अलेक्झांडर हेन्रीची, गोळीला फिरकी देणाऱ्या सात खाचांची, २२ इंचांत एक वेढा घेणारी नळी जोडली गेली आणि १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. तिचे काडतूस .५७७/४५०: ८५ ग्रेन काळी दारू, ४८० ग्रेनची (३१ ग्रॅमची) गोळी, बारा भाग शिशाला एक भाग कथील. गोळीखाली मेणाची चकती असे, ती नळीतली काजळी मऊ ठेवी.

या रायफलचे दुखणे काडतुसात होते. सुरुवातीचे काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून, तळाला लोखंडी चकती बसवून केलेले असे. नळी तापली, काजळी साचली की पत्रा आत चिकटे आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) फक्त तळाची चकती ओढून बाहेर आणी. मग सळई घालून उरलेला पत्रा काढेपर्यंत सैनिकाच्या हातात नुसते लाकूड-लोखंड. पुढे अखंड ओढीव पितळेची काडतुसे आली आणि हा त्रास बराच कमी झाला.

पोर्तुगालचीही स्वतःची सिंगल-शॉट होती, आणि गोव्यातल्या वाचकाने तिचे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते. लुईश फाउश्तु द काश्त्रु गेदेश दियश या पोर्तुगीज अधिकाऱ्याने आखलेली गेदेश रायफल १८८५ ची, खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची, ऑस्ट्रियात श्टायरच्या कारखान्यात तयार झालेली. मूळ आराखडा मोठ्या बोअरचा होता. सैन्याने मध्येच ८ मिलिमीटरचे जास्त दाबाचे काडतूस निवडले आणि त्या दाबाला ही यंत्रणा अपुरी ठरली. पुढच्याच वर्षी क्रोपाचेक ही नळकांडी मॅगझिनची, म्हणजे अनेक काडतुसे साठवणारी, रायफल स्वीकारली गेली. गेदेश रायफली नंतर दक्षिण आफ्रिकेत बोअर नावाच्या डच वंशाच्या लोकांच्या हाती गेल्या.

युद्धातून सिंगल-शॉट हद्दपार होत असताना शिकारीत मात्र ती टिकली, आणि त्याचे मोठे श्रेय स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सनला जाते. त्याच्या १८७२ च्या पेटंटमध्ये ठोकळा बिजागरीवर झुकत नाही, सरळ खाली उतरतो. ठोकळ्याच्या मागची पोलादी भिंत जाड राहते, लिव्हरची पकड लांब असल्याने चिकटलेले काडतूसही निघते, आणि बोल्ट मागेपुढे सरकवायला जागा लागत नसल्याने तितक्याच लांबीच्या रायफलला अधिक लांब नळी मिळते. ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्सने या रायफली बनवल्या. अमेरिकेत १९६७ मध्ये आलेली रुगर नंबर वन याच घराण्यातली. आज जगभर मोठ्या बोअरची सिंगल-शॉट हौसेने चालवणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे तीच असते.

दरम्यान दारू बदलली होती. १८८९ मध्ये कॉर्डाइट ही जवळजवळ धूर न करणारी दारू आली आणि १८९८ मध्ये जॉन रिग्बीच्या कारखान्याने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढले: ७० ग्रेन कॉर्डाइट, गोळी तेवढ्याच ४८० ग्रेनची, पण वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. मार्टिनीचा वेग १३५० च्या आसपास होता. चार किलोच्या मार्टिनीपेक्षा पाच किलोच्या .४५० रायफलचा खांद्याला बसणारा धक्का बराच जास्त भरतो. कॉर्डाइटची अडचण उन्हाची. तापमान चढले की त्याचा दाब चढतो. इंग्लंडच्या थंडीत नीट बाहेर पडणारे काडतूस आपल्याकडच्या मे महिन्यात नळीत घट्ट बसते. म्हणून काडतूस मुद्दाम लांब (सव्वातीन इंच) आणि पोकळ ठेवून दाब कमी राखला गेला, आणि हिंदुस्थानासाठी काही काडतुसे हलकी भरली जात. त्या अवाढव्य पितळी नळकांड्यांमागे आपला उन्हाळा आहे.

नंतर कायदा आला. मार्टिनी-हेन्रीच्या रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि .४५० च्या गोळ्या काढून त्यांत वापरता येतील, या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या आयातीवर बंदी घातली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच जवळपासचे आकडे शोधले: .५००/४६५, .४७०, .४७५, .४७६. आकड्यांची ही विचित्र रांग त्या एका बंदीतून जन्मली. नियम ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, पोर्तुगीज गोव्याचा नव्हे. बोअरवरून मनाई ठरवण्याची पद्धत मात्र भारतीय परवान्यांत आजही ‘पीबी’ (मनाई असलेला बोअर) आणि ‘एनपीबी’ (मनाई नसलेला बोअर) या अक्षरांत जिवंत आहे.

जुन्या रायफलच्या नळीवर नुसते ‘.४५०’ असेल तर गोळी झाडू नये. तो आकडा काळ्या दारूच्या एक्स्प्रेसचा (कमी दाबाच्या जुन्या काडतुसाचा) असू शकतो किंवा नायट्रोचा (कॉर्डाइटच्या काडतुसाचा), आणि दोन्ही काडतुसांची लांबी सव्वातीन इंचच असल्याने नायट्रोचे काडतूस काळ्या दारूच्या नळीत सहज शिरते. पुढे काय होईल ते सांगायला नको. नळीवरचा नायट्रो चाचणीचा शिक्का पाहावा, आणि जाणकाराकडून काडतुसाच्या जागेचा साचा काढून मोजून घ्यावा.

मुक्तीनंतर गोव्यात भारतीय कायदा लागू झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा छंद संपला. सत्तरी, सांगे, काणकोणच्या जंगलांचा मोठा भाग आज अभयारण्य आहे आणि गवा राज्यप्राणी आहे. हे योग्यच झाले. शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची एकनळी उरली. मोठ्या बोअरच्या रायफलला उरली ती परवानाधारकाची रेंज, तीही मोजक्या काडतुसांची, कारण वर्षाचा कोटा परवान्यावरच लिहिलेला असतो आणि काडतुसे घरी भरायला वेगळा परवाना लागतो.

म्हणून प्रत्येक काडतूस विचाराने वापरावे. सुरुवात ५० मीटरवर तीन गोळ्यांनी करावी, मग १०० वर जावे. पिशवी पुढच्या लाकडाखाली, ठोकळ्याच्या जवळ ठेवावी. नळी पिशवीला लागली तर गोळी वर जाते. या रायफलचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, त्यामुळे पुढच्या लाकडाचा दाब बदलला की नेमही बदलतो. पिशवी दोन इंच पुढे सरकल्याने पडलेला फरक लोक साईटवर ढकलतात आणि स्क्रू फिरवत बसतात. बाकावर ओणवे बसून सगळा धक्का कॉलरबोनने घेण्यापेक्षा बाक उंच करून ताठ बसावे, किंवा साईट जुळल्यावर उभ्याने झाडावे. एका बैठकीला पाच ते दहा गोळ्या पुष्कळ झाल्या. मध्येमध्ये सोबत्याने न सांगता डमी काडतूस भरावे. चाप ओढताना नळीचे टोक खाली गेले तर दचकण्याची खोड लागली असे समजावे. जुन्या, मंद काडतुसांत उंचीचे गणितही हवे: .४५-७० या जुन्या अमेरिकन काडतुसाची ४०५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर जुळवली तर २०० यार्डांवर सुमारे दोन फूट खाली पडते.

चाप ओढूनही आवाज झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबावे. जुने काडतूस उशिरा पेटते, आणि तेवढ्यात ठोकळा खाली केलेला असेल तर ते मागच्या बाजूने फुटते.

सफाईत काळ्या दारूची काजळी आणि जुन्या टोपीतले (काडतूस पेटवणाऱ्या भागातले) क्लोरेटचे मीठ तेलाने जात नाही, ते पाण्यातच विरघळते. गरम पाणी तीनदा ओतावे, कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, मग तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी फिरवून पाहावी. तांबूस आली तर मीठ राहिले आहे. मार्टिनीत सळई नळीच्या तोंडाकडूनच घालावी लागते, तेव्हा तोंडाला पितळी बुच लावावा, नाहीतर खाचांची टोके झिजतात आणि गोळ्या पसरतात. फार्कर्सन पद्धतीच्या रायफलीत ठोकळा खाली करून मागूनच सळई घालता येते.

गोव्याच्या पावसाळ्यात रायफल चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. बंद कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुसावी. जून ते सप्टेंबरात पुढचे लाकूड फुगून नळीला दाबते, म्हणून मे महिन्यात जुळवलेला नेम पावसानंतर, लाकूड पुरते सुकल्यावर, नव्याने तपासावा.