मानसशास्त्रातले गाजलेले प्रयोग परत केल्यावर फसतात, हे सगळं सुरू कुठून झालं?

विलपॉवर वापरली की संपते, छाती काढून दोन मिनिटं उभं राहिलं की कॉन्फिडन्स वाढतो, असली वाक्यं ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये अजून बिनधास्त फिरतात. ती ज्या प्रयोगांवर उभी आहेत त्यातले बरेच दुसऱ्यांनी परत करून बघितले तर तसं काही दिसलंच नाही.

शंका तशी जुनीच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन 1962 मध्येच सांगत होता की तुमची सॅम्पल, म्हणजे प्रयोगात घेतलेली माणसं, फारच कमी असतात. 1979 ला रॉबर्ट रोझेंथाल या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की फसलेले प्रयोग ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि जमलेले तेवढे छापून येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, काम मात्र होतं तसंच चालू.

मग आलं 2011. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा डॅरिल बेम, मानसशास्त्राचा चांगला नावाजलेला प्रोफेसर, त्याने 9 प्रयोग छापले आणि म्हणणं काय तर माणसाला पुढे घडणारी गोष्ट थोडी आधीच जाणवते! एका प्रयोगात स्क्रीनवर दोन पडदे, फोटो कुठल्या पडद्यामागे ते ओळखायचं, पण जागा कॉम्प्युटर ठरवणार तुम्ही उत्तर दिल्यानंतर. फोटो कामुक असला की 53.1 टक्के उत्तरं बरोबर, नुसत्या अंदाजाने 50 यायला हवीत. हे छापलं क्षेत्रातल्या एका मानाच्या जर्नलने, आणि तिघांनी तेच करून काही सापडलं नाही म्हणून पेपर पाठवला तर उत्तर मिळालं, आम्ही परत केलेले प्रयोग छापत नाही. घ्या!

त्याच वर्षी नेदरलँड्सचा मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल पकडला गेला, त्याने डेटाच घरी बसून बनवला होता. तो चोर, त्याचा निकाल सोपा. मला विचाराल तर खरी झोप उडवली ती बेमनेच, कारण त्याने सगळं तेव्हाच्या रीतीप्रमाणे केलं होतं. म्हणजे दोष रीतीतच. तीन संशोधकांनी त्याच वर्षी तसल्याच सवलती घेऊन, म्हणजे हवे तेव्हा थांबायचं, हवे तेच आकडे दाखवायचे, 'सिद्ध' करून दाखवलं की बीटल्सचं एक गाणं ऐकल्यावर मुलांचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं.

2015 ला ब्रायन नोसेक या मानसशास्त्रज्ञाच्या टीमने इतरांचे छापून आलेले 100 प्रयोग परत केले. मूळ 100 पैकी 97 मध्ये ठळक निकाल होता, परत केल्यावर जेमतेम 36 टक्क्यांत आला. यावरही वाद झालेच, हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट याच्यासारखे लोक म्हणाले तुमचं मोजमापच चुकलंय.

आता ते विलपॉवरचं बघा. 1998 चा रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग, काहींना ताज्या भाजलेल्या कुकीज, काहींना समोर कुकीज ठेवून फक्त मुळे खायला, नंतर न सुटणारं कोडं. मुळेवाल्यांनी आठेक मिनिटांत हात टेकले, कुकीवाले एकोणीस मिनिटांच्या आसपास टिकले. अर्थ काढला तो असा की कुकीजचा मोह आवरण्यातच मुळेवाल्यांची विलपॉवर संपली. 2016 मध्ये 23 लॅबनी मिळून दोन हजारांवर लोकांवर हीच थिअरी तपासली, फरक जवळपास शून्य. बाउमाइस्टर म्हणाला की तुम्ही कॉम्प्युटरवर अक्षरं शोधायला लावलीत, हा माझा प्रयोगच नव्हे, आणि त्यात तथ्य होतं. मग थिअरीच्याच बाजूच्या कॅथलीन व्होस या संशोधिकेने आपल्या पसंतीच्या पद्धतीने 36 लॅब घेऊन परत केलं, 2021 ला छापलं, साडेतीन हजार लोक, आणि फरक निघाला तो नावापुरताच.