प्रश्नपेढी ठेवायची कुठे?

सातवीच्या विज्ञानाची घटक चाचणी एका बाईंनी तयार केली आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिसऱ्या प्रश्नात चूक निघाली, म्हणून दुरुस्त फाईल पुन्हा टाकली. तोवर पहिली फाईल आणखी चार ग्रुपांवर पोचलेली. पुढच्या वर्षी कुणी शोधायला जावं, तर 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'दुरुस्त अंतिम' अशा तिन्ही हाती लागतात आणि खरी कुठली हे बाईंनाही सांगता येत नाही. यात व्हॉट्सॲपचा दोष नाही, ते निरोप धाडण्यासाठी आहे. पुढे पाठवलेली प्रत्येक फाईल ही नवी, सुटी प्रत असते. मिळून साहित्य घडवायचं तर याच्या उलट हवं: प्रत एकच, तिचा पत्ता एकच, आणि दुरुस्तीला सगळ्यांनी तिथेच यायचं.

पण मग दोघांनी एकाच क्षणी तीच ओळ बदलली तर? या प्रश्नाने संगणकशास्त्रज्ञांना चांगलंच दमवलं आहे. समजा, पानावर वाक्य आहे: 'पाणी १०० अंश तापमानाला उकळते.' बाईंनी सुरुवातीला 'शुद्ध' हा शब्द घातला. त्याच क्षणी दुसऱ्या गावातल्या सरांनी 'अंश'च्या पुढे 'सेल्सिअस' घातलं. संगणक वाक्य वाचत नाही, खुणा मोजतो. 'पाणी' म्हणजे त्याच्या लेखी प, काना, ण आणि वेलांटी अशा चार खुणा. मोकळी जागा ही पाचवी. सरांच्या मोबाईलने निरोप धाडला, '१३ खुणांनंतर सेल्सिअस घाला.' इकडे बाईंच्या पानावर 'शुद्ध' आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून ६ खुणा आधीच वाढलेल्या. निरोप जसाच्या तसा पाळला तर वाक्य होतं: 'शुद्ध पाणी १०सेल्सिअस ० अंश तापमानाला उकळते.'

क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये यावर तोड मांडली. आलेला निरोप थेट अमलात आणायचा नाही. तो निघाल्यापासून पानावर काय काय घडलं ते आधी पाहायचं आणि त्याप्रमाणे निरोपातला आकडा बदलायचा. इथे १३ अधिक ६, म्हणजे १९. वाक्य नीट जुळतं. या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. ऐकायला सोपी, पण एकाने शब्द खोडला आणि त्याच वेळी दुसऱ्याने त्याच्या पोटात अक्षर घातलं की डोकं गरगरायला लागतं. मूळ मांडणीतही अशा अडचणीच्या जागा पुढे सापडल्या आणि त्या बुजवायला बरंच संशोधन झालं. गूगल डॉक्समध्ये दुसऱ्याचा रंगीत कर्सर आपल्या डोळ्यांदेखत सरकतो, त्यामागे हेच गणित आहे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पान बदलता येतं अशी वेबसाइट, या फंदात पडत नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर घ्या. बदल वेगवेगळ्या परिच्छेदांत असतील तर ते आपोआप जुळवले जातात. एकाच ओळीत असतील तर नंतर जतन करणाऱ्याला सांगितलं जातं, 'मधल्या वेळात हे बदललंय, आता तुम्हीच जुळवा.' मला हा रोखठोकपणा आवडतो. पण केंद्रातल्या पंधरावीस शिक्षकांनी स्वतःची विकी चालवण्याच्या भानगडीत पडू नये. सर्व्हर सांभाळणारे एकच उत्साही सर असतात, आणि त्यांची बदली होते.

गूगल डॉक्स आणि विकी, दोन्हींकडे बदलांचा इतिहास मात्र राहतो: कुणी, कधी, काय खोडलं. संगणकाच्या सरावात नसलेल्या शिक्षकाला 'माझ्या हातून बिघडलं तर?' ही धास्ती सगळ्यात मोठी असते. मागच्या रूपावर परत जाता येतं हे एकदा करून दाखवलं, की ती निम्म्याने उतरते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, फाँटचा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फाँटात टाईप केलेली प्रश्नपत्रिका संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फाँट नसलेल्या मोबाईलवर फाईल उघडली की कचरा दिसतो, आणि 'प्रकाशसंश्लेषण' असं शोधलं तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी खुणेला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे जुना साठा आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. तरी डोळ्यात तेल घालावं लागतंच. 'ॲसिड'मधला ॲ दोन प्रकारे टाईप होतो: एकसंध ॲ, नाहीतर अ आणि त्यावर चंद्र. दिसायला सारखेच, पण काही शोधयंत्रणांना ते दोन वेगळे शब्द वाटतात.

शालेय साहित्याचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ 'दीक्षा' आहे की, असं कुणी म्हणेल. २०१७ मध्ये ती सुरू झाली, बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथल्या साहित्याकडे नेतात. पण तिचा उपयोग तपासून झालेलं, पक्कं साहित्य पोचवण्यासाठी. बुधवारी सुचलेला प्रश्न गुरुवारी तिघांनी मिळून घासूनपुसून घ्यायचा, तर वेगळी जागा लागते.

ती जागा उद्या बंद पडू शकते हेही धरून चालावं. विकिस्पेसेस ही विकीची सेवा जगभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं वापरली; २०१८ मध्ये तिचा गाशा गुंडाळायला सुरुवात झाली आणि वर्गावर्गांनी जमवलेली पानं उचलून दुसरीकडे न्यावी लागली. म्हणून मी तरी कुठल्याही सोयीत सर्वांत आधी 'डाउनलोड' शोधतो. सगळं साहित्य एका झटक्यात, इतरत्र उघडेल आणि बदलता येईल अशा .docx किंवा .odt फाईलच्या रूपात बाहेर पडतं का? नुसती पीडीएफ मिळत असेल तर ती छापायला बरी, पुढे दुरुस्त करायला नाही.

छोट्या गटाला एक सामायिक फोल्डर, प्रत्येक घटकाची एक फाईल आणि सगळ्यांचे दुवे असलेलं एक अनुक्रमणिकेचं पान एवढं पुरतं. पाहण्याची लिंक सगळ्यांना, बदलण्याची परवानगी फक्त शिक्षकांच्या खात्यांना. 'लिंक असलेल्या कुणालाही बदलू द्या' हा पर्याय चालू राहिला, तर परीक्षेच्या आदल्या रात्री दहावीची पोरंही संपादनाला हजर होतील. पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो या फोल्डरात टाकू नयेत, त्यांचा स्वामित्वहक्क बालभारतीकडे असतो. स्वतः लिहिलेल्या पानांखाली मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची एक ओळ घालावी, म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकाला ती वापरताना फोन करून विचारत बसावं लागत नाही.