खनिजात अडकलेला धातू आणि जिवाणू : पार्श्वभूमी

इंदूरच्या सराफ्यात झारेकऱ्यांची विद्या जुनी आहे: सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन, उरलेल्या कणांवर तेजाब घालायचे, म्हणजे तांबे आणि चांदी विरघळते व सोने मागे राहते. काही बिकट खनिजांत हेच काम जिवाणू करतात, आणि माणसाने ते ओळखण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत.

स्पेनमधील रिओ तिंतो येथे १८व्या शतकापासून गंधकयुक्त तांबेखनिजाचे ढीग उघड्यावर रचून त्यांवर पाणी सोडले जाई आणि पाझरून आलेल्या पाण्यात मोडके लोखंड टाकून तांबे खाली बसवले जाई. हे श्रेय हवा-पाण्याला दिले जात होते. १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल या संशोधकांनी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींतील आम्लधर्मी सांडपाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा जिवाणू दाखवला. धातूविद्येतला एवढा मोठा शोध दूषित पाण्याच्या अभ्यासातून लागला, हे मला फार बोलके वाटते. आज अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणून ओळखला जाणारा हा जीव पाण्यात विरघळलेल्या फेरस लोहाचे एक इलेक्ट्रॉन काढून फेरिक लोह करून त्यातून जगण्याची ऊर्जा मिळवतो. ते फेरिक लोह खनिजातील सल्फाइड (धातू आणि गंधकाचे संयुग) फोडते, स्वतः पुन्हा फेरस होते आणि जिवाणूकडे परत येते. जिवाणू नसतील तर आम्लात हे चक्र इतके मंदावते की व्यवहारात त्याचा उपयोग उरत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतील केनेकॉट या तांबे काढणाऱ्या कंपनीने या चक्राच्या वापराचे पेटंट घेतले.

सोन्याची गोष्ट वेगळी. पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) आणि आर्सेनोपायराइट (त्यात आर्सेनिकही असलेले खनिज) यांच्या कणांत कोंडलेल्या सोन्यापर्यंत ते विरघळवणारे सायनाइड पोहोचत नाही, आणि ते खनिज भाजले तर गंधक व आर्सेनिकचे विषारी वायू निघतात. दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून हे आवरण टाक्यांमधील जिवाणूंकडून फोडून घेतले जाते. सोने तेही विरघळवत नाहीत, ते फक्त कुलूप उघडतात. या क्रियेत एवढी उष्णता निर्माण होते की टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात.

आपल्याच मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, पण तिथले मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोह व गंधकाचे संयुग, आहे. साध्या तापमानात त्यावर एक रोधक थर बसतो आणि विरघळणे जवळजवळ थांबते. ६५ ते ८० अंश सेल्सियसला जगणारे उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव ते बरेच पुढे नेतात, मात्र ती उष्णता उघड्या ढिगात टिकवणे अवघड असते. म्हणून जगभर या खनिजातले बहुतेक तांबे अजूनही दळून, फेसावर तरंगवून आणि शेवटी भट्टीत वितळवूनच काढले जाते.