कूप कुणाचा? खान्देशातल्या कष्टकरी मालकीची पार्श्वभूमी

कामगारांच्या मालकीचा कारखाना म्हटलं की खान्देशात कुणीतरी हमखास म्हणतं, आपल्याकडे सहकार आहेच की! आहे ना. पण सहकारी असतानाचा फैजपूरजवळचा मधुकर घ्या की शहाद्याचा सातपुडा, साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी. बॉयलरवरचा माणूस पगारी, आणि फडातला कोयतेवाला तर मुकादमाची उचल घेऊन आलेला. मालकीच्या यादीत दोघांचंही नाव नाही.

कामगारांच्या मालकीतून, रक्त न सांडता समाजवादाकडे जाण्याची ही वाट जुनी आहे. 1864 साली खुद्द मार्क्सने कामगारांनी उभारलेल्या सहकारी कारखान्यांची वाखाणणी केली. सुट्या-सुट्या प्रयत्नांनी भांडवलशाही हटणार नाही, असंही त्याच भाषणात बजावलं. हा दुसरा भाग सहकाराचे भक्त सहसा विसरतात. फैजपूरला 1936 साली नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. तिथल्या शेती कार्यक्रमात सहकारी शेतीचा उल्लेख होता. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्या मात्र शेटजींच्याच राहिल्या.

कष्टकरी मालकीच्या सगळ्यात जवळ आपण पोचलो ते गिरणीत नाही, जंगलात. पूर्वी कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, लिलावात ठेकेदार घ्यायचा आणि झाडं तोडायचा आदिवासी, तोही बऱ्याचदा कर्जापोटी. मुंबई सरकारने 1937 नंतर सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करून घेतली. पश्चिम खान्देशातले (आजचा धुळे-नंदुरबार भाग) नवापूर आणि अक्राणी त्यात होते. पिळवणूक कागदावर आली. 1947 पासून मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. आधी ठाण्यात, मग पश्चिम खान्देशातही. लिलाव टाळून कूप थेट संस्थेला मिळे, तोडणारा स्वतःच सभासद आणि नफ्यातही त्याचा वाटा. ठेकेदाराला इथे बाजूला सारलं ते सरकारी धोरणाने. पण तीच या रचनेची कमजोरी. कूप द्यायचा की नाही हे वनखात्याच्या हाती, हिशेब मात्र शिकलेल्या चिटणीसाच्या हाती. सभासदाचा अंगठा उमटे, शब्द क्वचितच चाले.

1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तोड घटत गेली, तसं संस्थांचं कामही आटलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क ग्रामसभेकडे नेले. बांबू, तेंदूपान, मोहफूल गोळा करून विकायचा हक्क आता गावाचा. इमारती लाकूड त्यात नाही.