परदेशातून ऑनलाइन मतदान? तशी सोयच नाही

निवडणूक जवळ आली की कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘परदेशातल्या भारतीयांना घरबसल्या ऑनलाइन मतदान!’ शेजारच्या काकूंनी तर मुलाला रात्री उठवून लिंक पाठवली. कृपया त्यावर पासपोर्टची माहिती भरू नका.

खरं असं आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनं अनिवासी भारतीयांना मताधिकार मिळाला. त्यासाठी नमुना ६अ भरायचा. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. मत मात्र मूळ पासपोर्ट घेऊन त्याच केंद्रावर स्वतः द्यावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे बारगळलं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, म्हणजे ओसीआय कार्डवाल्यांनाही, मत नाही. फ्रान्समध्ये परदेशस्थ नागरिकांसाठी ११ खासदार आहेत; आपल्याकडे असा वेगळा मतदारसंघ नाही.